‘मेलेलं’ कायनेज खरंच मेलंय का? हर३ वरचे दोन पेपर शेजारी शेजारी ठेवून

पीएचडीच्या मुलाखतीत पॅनेल हमखास विचारतं, ‘अलीकडे कुठला पेपर वाचलात? त्यात तुम्हाला काय पटलं नाही?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळे पाठ करून जातात. दुसऱ्याला बहुतेकांची गाडी ‘सॅम्पल साइज लहान होता’ या स्टेशनावर थांबते. तो मुद्दा कधीकधी खरा असतो, पण प्रोटीनच्या क्रिस्टल स्ट्रक्चरच्या पेपरवर तसं म्हणालात तर समोरचा माणूस चहाचा कप खाली ठेवून तुमच्याकडे बघायला लागेल.

म्हणून आज एकाच प्रोटीनवरचे दोन पेपर घेऊ. दोन्ही पीएनएएस या नियतकालिकात आले, पहिला डिसेंबर २००९ मध्ये, दुसरा एप्रिल २०१० मध्ये. पहिला नतालिया जुरा आणि जॉन कुरियन यांच्या बर्कलीच्या गटाचा. त्याचं म्हणणं असं की हर३ या प्रोटीनचं कायनेज डोमेन निष्क्रिय आहे. दुसरा फुमिन शी आणि मार्क लेमन यांच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाचा. त्याच्या शीर्षकातच लिहिलंय की हर३ एटीपीला धरू शकतं आणि स्वतःवर फॉस्फेटही चढवू शकतं. दोन्ही गट नावाजलेले. दोघांनी काढलेली स्ट्रक्चर्स एकमेकांशी जुळणारी. म्हणजे आकाराबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्या आकाराकडून काम होतं की नाही, यावर.

आधी थोडी पार्श्वभूमी. ज्यांना कायनेज माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं. कायनेज एटीपीचा शेवटचा फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रोटीनवर बसवतं. त्यासाठी तीन जागा फार महत्त्वाच्या मानल्या जातात: एटीपीला जागेवर धरणारं एक लायसिन, मॅग्नेशियम सांभाळणारं एक ॲस्पार्टेट, आणि प्रत्यक्ष रासायनिक क्रियेत ‘बेस’चं काम करणारं दुसरं ॲस्पार्टेट. २००२ मध्ये मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये माणसाच्या सगळ्या कायनेजची यादी छापली. एकूण ५१८. त्यांतल्या ५० मध्ये या तीनपैकी निदान एक जागा बदललेली होती. दिसायला कायनेज, पण हत्यार मोडलेलं, म्हणून स्यूडोकायनेज. हर३ त्यातलंच. त्याच्यात बेसचं काम करणाऱ्या ॲस्पार्टेटच्या जागी ॲस्पॅराजिन आहे. शिवाय अल्फा-सी नावाच्या हेलिक्समधलं एक ग्लुटामेट, जे एरवी त्या लायसिनला धरून ठेवतं, त्याच्या जागी हिस्टिडीन आहे.

ही सगळी दूरच्या देशांतली चर्चा आहे असं वाटत असेल तर परळला या. केईएममध्ये रक्त दाट होण्याच्या तक्रारीने आलेल्या आणि पॉलिसायथेमिया व्हेराचा संशय असलेल्या माणसाची जॅक२ या जनुकाची तपासणी करायला सांगतात. त्या आजारात सुमारे ९५ टक्के रुग्णांमध्ये ६१७ व्या जागेवरचं व्हॅलिन बदलून फेनिलअ‍ॅलनिन झालेलं असतं. हा बदल २००५ मध्ये सापडला, आणि तो जॅक२ च्या खऱ्या कायनेज भागात नसून शेजारच्या स्यूडोकायनेज भागात आहे. म्हणजे ‘निकामी’ म्हटलेल्या भागात एक अक्षर बदलतं आणि माणसाचं रक्त घट्ट होतं. २०११ मध्ये तर याच भागाला स्वतःची थोडी कायनेज क्षमता असल्याचंही दाखवलं गेलं. बंद गिरणी म्हणून सोडून दिलेल्या आवारात रात्री दिवा दिसावा, तसं.

आणि हर३? टाटा मेमोरियलमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णाचा रिपोर्ट हातात घेतलात तर त्यावर ‘हर टू’ असतं, थ्री प्लस वगैरे. हर३ त्याच कुटुंबातलं, हर२ चं जोडीदार. हर२ ला बाहेरून येणारा संदेश पकडता येत नाही, त्याला जोडणारा लायगंड आजवर सापडलेला नाही. हर३ न्यूरेगुलिन नावाचा लायगंड पकडतं, पण त्याचं कायनेज दुबळं. आंधळ्याच्या खांद्यावर लंगडा बसल्याची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. परीक्षेत हर२ आणि हर३ बद्दल तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत लिहिली जाते, आणि गुणही मिळतात. पण गोष्ट नीट बसली की माणूस पुढचा प्रश्न विचारायचं थांबतो. लंगडा म्हणजे किती लंगडा? अजिबात चालत नाही, की चार पावलं टाकतो? आपले दोन पेपर नेमके यावर भांडतायत.

पित्ताशयाच्या कर्करोगाचंही उदाहरण घ्या. गंगेच्या पट्ट्यातून, बिहार आणि उत्तर प्रदेशातून, या आजाराची माणसं परळला येतात. त्यांचे नातेवाईक कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात, कुणाला फूटपाथशिवाय जागा मिळत नाही. टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेने २०१९ मध्ये ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये दाखवलं की पित्ताशयाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या गाठींमध्येही हर२ च्या जनुकात बदल सापडतात, आणि ईजीएफआर रोखणाऱ्या औषधांना पेशी कसा प्रतिसाद देतात हे हर२ आणि केरास यांच्या बदलांवर अवलंबून असतं. जिथे हर२ तिथे हर३ चा प्रश्न आलाच. जोडीदार नुसता टेकू आहे की त्यालाही थोडंफार काम जमतं, यावर औषध कुठे लागू करायचं ते ठरतं.

आता पेपरांकडे.

जुरा यांच्या पेपरची मांडणी स्वच्छ आहे. ईजीएफआर कुटुंबात दोन कायनेज डोमेन एकमेकांना लागून बसतात, पण आरशातल्या प्रतिबिंबासारखी नाही, तर एकाचं बूड दुसऱ्याच्या डोक्याला, अशी. बूड लावणारा धक्का देतो, धक्का खाणारा जागा होऊन काम करतो. कुरियन यांच्याच प्रयोगशाळेने २००६ मध्ये ईजीएफआरबाबत हे दाखवलं होतं. मग तर्क असा: धक्का देणाऱ्याला स्वतःला काम करता आलंच पाहिजे असं नाही. हर३ कदाचित फक्त धक्का देण्यासाठीच घडलेलं असेल. त्यांनी हर३ चं डोमेन शुद्ध केलं, स्ट्रक्चर काढलं, त्यात एटीपीसारखा रेणू खाचेत बसलेला दिसला, आणि डोमेनचा आकार झोपलेल्या ईजीएफआरसारखा निघाला. ते ईजीएफआरला जागं करतं, हे त्यांनी दाखवलं. हा भाग भक्कम आहे. २०१४ मध्ये ‘सायन्स सिग्नलिंग’मध्ये लिटलफील्ड आणि सहकाऱ्यांनी ईजीएफआर आणि हर३ यांच्या जोडीचंच स्ट्रक्चर काढलं आणि कर्करोगात सापडणारे हर३ चे काही बदल ही पकड कशी घट्ट करतात ते दाखवलं. तर्क आधी, पुरावा नंतर, आणि दोन्ही जुळले.

मला अडतं ते त्यांच्या सारांशातल्या एका छोट्या वाक्याशी. हर३ उत्प्रेरणाच्या दृष्टीने निष्क्रिय असल्याची आपण ‘खात्री’ करून घेतली, अशा अर्थाचं ते आहे. इथे थांबा. निष्क्रियतेची खात्री प्रयोगाने कशी करतात? तुम्ही एक मोजमाप लावता, त्याला एक तळ असतो, त्या तळाखाली जे काही आहे ते शून्यासारखं दिसतं. भाजीवाल्याच्या तराजूवर केशर ठेवलंत तर काटा हलणार नाही. म्हणून केशराला वजन नसतं असं कुणी म्हणत नाही. ‘आमच्या परीक्षणात दिसली नाही’ आणि ‘नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि सारांशापर्यंत येता येता पहिल्याचं दुसरं होतं. चांगल्या गटांच्या हातूनही होतं. पेपर वाचताना ‘निष्क्रिय’ हा शब्द दिसला की पद्धतींच्या भागात जाऊन तळ किती होता ते शोधा.

शी यांच्या गटाने हाच तळ खाली नेला. त्यांनी नुसतं कायनेज डोमेन न घेता हर३ चा पेशीच्या आतला सगळा भाग बनवला, शेपटीसकट. फॉस्फेट ज्या टायरोसिनांवर बसतो त्या बहुतेक या शेपटीत आहेत, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही. शेपूट कापून टाकली तर स्वतःवर फॉस्फेट चढवायला जागाच राहत नाही. मग त्यांनी हे प्रोटीन निकेल असलेल्या लिपिडच्या पुटकुळ्यांवर, म्हणजे व्हेसिकल्सवर अडकवलं. रिकॉम्बिनंट प्रोटीनला जोडलेलं हिस्टिडीनचं शेपूट निकेलला चिकटतं हे तुम्हाला माहीत आहेच, एरवी आपण ते शुद्धीकरणासाठी वापरतो. इथे त्याचा उपयोग पेशीच्या पडद्याची नक्कल करायला केलाय. मोकळ्या द्रावणात दूर दूर पोहणारी प्रोटीनं पडद्यावर दाटीने जवळ आली, सहाच्या विरार लोकलमध्ये येतात तशी, आणि फॉस्फोरिलेशन दिसलं. ईजीएफआरच्या तुलनेत साधारण हजार पटींनी कमी, पण दिसलं.

लगेच टाळ्या वाजवू नका. पहिली शंका स्वाभाविक आहे: हजारातला एक भाग क्रिया म्हणजे त्यात हजारातला एक भाग दुसऱ्याच कुणाची मिसळ नाही कशावरून? हे प्रोटीन एसएफ-नाइन नावाच्या कीटक पेशींत बनवतात. या पेशी मूळच्या स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा या पतंगाच्या कोषातल्या अंडाशयाच्या. नाव अवघड वाटतंय ना? गावाकडे मका लावणाऱ्या कुणालाही विचारा, २०१८ पासून महाराष्ट्रात मक्याचा पोंगा खाणारी अमेरिकन लष्करी अळी ती हीच. शेतात शत्रू, प्रयोगशाळेत कामगार. या पेशींत माणसाची ईजीएफआर आणि हर२ नाहीत हा मोठा फायदा, कारण माणसाच्या पेशीतून हर३ काढलं तर त्याला चिकटून हर२ येण्याची भीती असते. याच कारणाने कीटक पेशींत बनवलेल्या पूर्ण लांबीच्या हर३ ची क्रिया ईजीएफआरच्या तुलनेत फारच अधू असल्याचं १९९४ मध्येच, पीएनएएसमध्येच, छापून आलं होतं. पण कीटकाची स्वतःची कायनेज असतातच. अतिशय शुद्ध दिसणाऱ्या जेलच्या पट्ट्यातही हजारातला एक भाग लपू शकतो, कूमासी रंगाला तो दिसत नाही.

यावर शी यांच्या पेपरमधला सगळ्यात बोलका पुरावा मला हा वाटतो: ईजीएफआरमध्ये जो बदल झोपलेला आकार मोडून कायनेजला जागं करतो आणि फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण होतो, तसाच बदल त्यांनी हर३ मध्ये केला. तिथे उलटं झालं, होती ती क्रियाही गेली. विचार करा. तेच कीटक, तेच शुद्धीकरण, तीच बफर, फक्त एक अमिनो आम्ल वेगळं. क्रिया बाहेरच्या मिसळीची असती तर तिला या एका बदलाची खबर कशी लागली असती? मुलाखतीत ‘या पेपरमधला सर्वांत चांगला कंट्रोल कुठला?’ असं विचारलं तर हे उत्तर द्या. आणि पुढे हेही सांगा की हा कंट्रोल जवळजवळ पुरेसा आहे, पूर्ण नाही, कारण बदलामुळे प्रोटीनची घडी बिघडली आणि चिकटून येणारी मिसळही त्याबरोबर सुटली, अशी एक पळवाट उरते.

पेपरची दुसरी बाजू. त्यांनीच स्पष्ट लिहिलंय की हर३ बाहेरून दिलेल्या पेप्टाइडवर फॉस्फेट चढवत नाही. प्रयोगशाळांत कायनेजचं नेहमीचं परीक्षण म्हणजे पेप्टाइड द्यायचं आणि त्यावर काय चढलं ते मोजायचं. त्या परीक्षणात हर३ कायम नापास होणार. एका मोजमापाने शून्य, दुसऱ्याने हजारावा भाग. म्हणजे दोन पेपरांमधला विरोध निसर्गातला कमी आणि परीक्षणातला जास्त आहे. असाच किस्सा कॅस्क या प्रोटीनचा. २००८ मध्ये ‘सेल’मध्ये मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे ‘स्यूडोकायनेज’ काम करतं, फक्त त्याला मॅग्नेशियम चालत नाही. जगभर सगळे बफरमध्ये सवयीने मॅग्नेशियम घालत होते. खीर बिघडते म्हणून दुधाला नावं ठेवायची आणि हातातल्या लिंबाकडे बघायचंच नाही, असला प्रकार.

शी यांचा पेपर जिथे घसरतो तो भाग शेवटचा. क्वांटम मेकॅनिक्सच्या सिम्युलेशनने त्यांनी असा एक मार्ग मांडलाय की बेसचं ॲस्पार्टेट नसतानाही फॉस्फेट हलू शकतो, तेही त्या झोपल्यासारख्या दिसणाऱ्या आकारात. सुंदर काम आहे. पण ज्या घटनेचं स्पष्टीकरण द्यायचं ती आधीच दिसलेली असताना सिम्युलेशन ‘असं होऊ शकतं’ एवढंच सांगतं. त्यावरून पुढे ते म्हणतात की पेशीतल्या जोड्यांमध्ये हर३ ची ही क्रिया निर्णायक असू शकेल आणि औषधाचं लक्ष्य ठरू शकेल. परीक्षानळीतल्या निकेलच्या पुटकुळीवरून थेट रुग्णाच्या गाठीपर्यंतची ही उडी, आणि मध्ये पायरी नाही. ‘असू शकेल’ हे क्रियापद फार सोयीचं असतं.

एक हिशेब मात्र तुम्ही स्वतः करून बघा. त्यांच्या मापानुसार हर३ ची एटीपीवरची पकड, म्हणजे केडी, सुमारे १.१ मायक्रोमोलर आहे. पेशीत एटीपी मिलिमोलरच्या घरात असतं, म्हणजे केडीच्या हजार पटीच्या आसपास. याचा अर्थ जिवंत पेशीत हर३ ची खाच जवळजवळ कायम भरलेली असते. मग दोन गोष्टी निघतात. एक, ही खाच नुसती शोभेची असती तर उत्क्रांतीत ती इतकी नीट कशी टिकली? दोन, या खाचेत औषध घुसवायचं तर त्याला हजारपट गर्दीशी झुंजावं लागेल. पेपरमधल्या एका आकड्यावरून अशी दोन पावलं स्वतःची टाकता आली पाहिजेत, निदान तिथपर्यंत तरी.

पुढच्या वर्षांत काय घडलं? शी यांचं म्हणणं पेशीत खरं असतं तर हर२ पूर्ण बंद केल्यावरही हर३ स्वतःच्या बळावर थोडं तगलं पाहिजे. २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये सर्जिना आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की औषध दिल्यावर हर३ चं फॉस्फोरिलेशन आधी पडतं आणि मग परत येतं. इथे कुणालाही मोह होईल: बघा, हर३ चं स्वतःचं काम! पण २०१० मध्ये याच दिशेने काम करणाऱ्या अमीन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये दाखवलं की हर२ ची क्रिया सुमारे शंभर पटींनी दाबली तरी ही जोडी तग धरते, आणि डोस आणखी खूप वाढवून हर२ खरोखर पूर्ण बंद केलं की मग तिचा प्रतिकार मोडतो. म्हणजे परत येणारं फॉस्फोरिलेशन हर२ च्या उरल्यासुरल्या क्रियेचं. माझ्या मते शी यांच्या शेवटच्या वाक्याविरुद्धचा हा सर्वांत जड पुरावा आहे, आणि तो त्यांच्यावर टीका करायला लिहिलेलाच नाही.

खाचेत औषध बसवूनही पाहिलं गेलं. २०१४ मध्ये झी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर केमिकल बायोलॉजी’त हर३ च्या खाचेतल्या ७२१ व्या सिस्टीनला कायमचं चिकटणारा रेणू मांडला. खाच बंद झाली, संदेश कमी झाला, पण हर३ वर जगणाऱ्या काही पेशींची वाढ काही थांबली नाही. त्याच रेणूला अ‍ॅडामँटेनचा तेलकट गोळा जोडला तेव्हा हर३ अंशतः नष्ट व्हायला लागलं, जोडीदाराशी त्याचं बसणं बिघडलं, आणि परिणाम वाढला. त्याच वर्षी लिटलफील्ड यांनी बोसुटिनिब हे औषध हर३ च्या खाचेत बसवून दाखवलं, आणि निघालं काय? हर३ चा धक्का देण्याचा गुण वाढला! कायनेज बंद करायला गेलेलं औषध जोडीदाराला जास्त जागं करतंय. २०१८ मध्ये ‘ईलाइफ’मध्ये क्लॉस आणि सहकाऱ्यांनी लॅपॅटिनिबबाबत याच जातीची गोष्ट दाखवली: ते बसतं हर२ मध्ये, पण त्यामुळे हर२ आणि हर३ डोक्याला डोकं लावून वेगळ्याच पद्धतीने एकत्र येतात, आणि न्यूरेगुलिन मिळालं की पेशी वाढतात. म्हणजे प्रश्न ‘हर३ काम करतं का’ यापेक्षा ‘हर३ कुठल्या आकारात बसलंय’ याकडे सरकला. जुरा यांची दिशा इथे जास्त उपयोगी ठरली, त्यांचा शब्द चुकीच्या बाजूला झुकलेला असूनही.

आता खिशाचा प्रश्न. समजा तुमच्या प्रकल्पात रिकॉम्बिनंट मानवी हर३ मागवायचंय. कॅटलॉग उघडलात की एकाच नावाखाली डझनभर वस्तू दिसतात, आणि त्यांतल्या बहुतेक तुमच्या कामाच्या नसतात. बऱ्याचशा पेशीच्या बाहेरच्या भागाच्या असतात, सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवलेल्या. त्यावर ‘ॲक्टिव्ह’ लिहिलेलं असतं, आणि खाली बारीक अक्षरांत ‘न्यूरेगुलिनला बांधण्याच्या क्षमतेवरून मोजलेलं’. तिथे कायनेजच नाही तर कायनेजची क्रिया कुठून येणार? अँटिबॉडीच्या कामासाठी ती वस्तू उत्तम आहे, पण तुम्हाला खाचेचा अभ्यास करायचाय. आतल्या भागाची वस्तू मिळाली तर तिला बऱ्याचदा जीएसटी जोडलेलं असतं, आणि जीएसटी स्वतःच जोडीने राहतं. ज्या प्रोटीनचं सगळं आयुष्य ‘कुणाशी जोडी जमते’ यावर अवलंबून आहे, त्याला आधीच जोडी लावून दिलेल्या अवस्थेत अभ्यासणं म्हणजे ठरलेल्या लग्नात प्रेमाचा सर्व्हे घेणं. निदान जीएसटी कापून काढण्यासाठी मध्ये प्रोटीएजची जागा आहे का ते बघा. अमिनो आम्लांचे आकडे बघा: डोमेन कुठे सुरू, कुठे संपतं, शेपूट आहे की नाही. वर सांगितलेलं अख्खं भांडण या आकड्यांत दडलेलं आहे. कीटक पेशींतून आलेलं प्रोटीन आधीच फॉस्फेट घेऊन आलेलं असू शकतं, तेव्हा फॉस्फेटेजने धुतलंय का हे विचारा. आणि खोका वाटेत चार दिवस अडकून कोरडा बर्फ उडून गेला असेल तर डबी हातात आली म्हणून आनंद करू नका. पहिला प्रयोग थर्मल शिफ्टचा करा: एटीपीसोबत आणि एटीपीविना प्रोटीन कुठल्या तापमानाला उलगडतं ते बघा. मर्फी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याच पद्धतीने एकतीस स्यूडोकायनेज तपासून त्यांची वर्गवारी केली होती. हर३ एटीपी धरतं हे दोन्ही पेपरांना मान्य आहे. तुमच्या डबीतलं धरत नसेल तर दोष डबीत आहे.

परळमध्ये या कामाची मुळं जुनी आहेत. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ चं. त्याला लागून १९५२ मध्ये वसंत रामजी खानोलकरांनी कर्करोग संशोधन केंद्र उभं केलं. तिथे कमल रणदिवे यांनी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा बांधली आणि उंदरांच्या स्तनांच्या गाठींवर काम केलं, तेही तयार प्रोटीनच्या डब्या टपालाने यायच्या कितीतरी आधी. तेव्हा साधन स्वतः घडवावं लागे, त्यामुळे त्याच्या मर्यादा ओठांवर असत. आज साधन विकत मिळतं आणि त्याच्या मर्यादा पीडीएफच्या तिसऱ्या पानावर असतात.

जाता जाता, २०१४ च्या दोन पेपरांचे सारांश पुन्हा शेजारी ठेवा. लिटलफील्ड यांचा बोसुटिनिबवाला सारांश हर३ ची ओळख करून देताना त्याला उत्प्रेरणाची क्षमता नाही असंच म्हणतो, चार वर्षांपूर्वी शी यांचा पेपर येऊन गेलेला असूनही. झी यांचा सारांश म्हणतो, ‘नाव घेण्याजोगी’ कायनेज क्षमता नाही. एका विशेषणाचा फरक. पहिल्या वाक्याने दार बंद होतं, दुसऱ्याने ते फटीएवढं उघडं राहतं. आणि खाचेत रेणू घुसवायचा प्रयत्न दोघांनीही केला.